जुन्नरचे एसेम

खोडदची आपली मुले बुद्धलेणी पाहण्यासाठी जुन्नरला जातात. त्याच जुन्नरात १२ नोव्हेंबर १९०४ रोजी श्रीधर महादेव जोशी, म्हणजे महाराष्ट्राचे एसेम, जन्मले, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते.

ब्राह्मण कुटुंबातील हा तरुण १९२९ साली पुण्याच्या पर्वती मंदिर सत्याग्रहात आपल्या पूर्वजांच्या बाजूला उभा राहिला. पुढे ब्रिटिशांनी त्यांना वारंवार तुरुंगात टाकले. १९४२ च्या लढ्यात दाढी वाढवून इमाम अली या नावाने ते भूमिगत राहिले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे ते सरचिटणीस होते.

२५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत अशांततेचे कारण देऊन देशात आणीबाणी पुकारली गेली. मंत्रिमंडळाला ते कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. मिसाखाली हजारो माणसे खटल्याविना स्थानबद्ध झाली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याच्या ज्या हक्काला बाबासाहेब संविधानाचा आत्मा मानत, तोच गोठवला गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताने ते मान्य केले. इतिहासाच्या शिक्षकाने येथे प्रामाणिक राहावे. आणीबाणीचे कलम ३५२ त्याच संविधानात होते आणि वीस कलमी कार्यक्रमातील वेठबिगारीबंदीमुळे आपल्यातील काहींना ती राजवट आपली वाटली होती.

एसेमनी तिला विरोध केला. सत्तरी ओलांडलेल्या वयात त्यांनी विखुरलेल्या विरोधी पक्षांना एकत्र आणण्यासाठी कष्ट घेतले. जनता पक्षाची महाराष्ट्रातील धुरा त्यांच्याकडे आली. १९७७ मध्ये मतदारांनी सत्ताधाऱ्यांना जाब विचारला. शहा आयोगाने अत्याचारांची चौकशी केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अंतर्गत अशांततेच्या जागी सशस्त्र उठाव हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आणि एका महिन्यात संसदेची मंजुरी बंधनकारक झाली. जीविताचा हक्क न्यायालयात मागण्यास आता आणीबाणीतही आडकाठी करता येत नाही.

त्याच वर्षी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे जळाली. राज्यात तेव्हा एसेमच्या पक्षाचा सहभाग असलेलेच सरकार होते. एसेम नामांतराच्या बाजूने ठाम राहिले. १ एप्रिल १९८९ रोजी ते गेले; नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.