पीचवर रोलर फिरवणाऱ्या पोराला टीममध्ये घ्यायचं का, यावरून पुण्यात वाद पेटला होता

आयपीएलचं ऑक्शन आलं की आपण सगळेच सिलेक्टर होतो. नवा पोरगा कोण आहे, यॉर्कर पडतो का, प्रेशरमध्ये टिकेल का, एवढे पैसे द्यायची गरज होती का, यावर रात्र रात्र चर्चा रंगते. तिकडं अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा ड्राफ्ट असतो. तिथं नवा पोरगा चाळीस यार्ड किती सेकंदात पळतो इथपासून सगळी मापं काढली जातात.

पुण्यातही एका नव्या बॉलरवरून अशीच चर्चा झाली होती, एकशेतीसेक वर्षांपूर्वी. फरक इतकाच, की त्याच्या बॉलिंगबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रश्न होता, त्याच्यासोबत बसून चहा प्यायचा कसा?

त्या बॉलरचं नाव बाळू पालवणकर.

‘लगान’मधला कचरा बघितला की क्रिकेटच्या जाणकारांना आजही ज्याची आठवण येते, तो हा माणूस.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, रत्नागिरीकडच्या पालवण गावचं. म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते आणि त्यामुळं पोरांचं बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि बॉल घेऊन बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

बाळूची पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर पीच झाडायचं आणि रोलर फिरवायचा. पगार महिन्याला ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो इंग्रजांच्या पूना क्लबात आला. इथं पगार ४ रुपये झाला आणि काम वाढलं. पीच तयार करायचं, नेट बांधायचं, कधी टेनिस कोर्टाच्या रेषा मारायच्या.

नेटमध्ये साहेब लोकांना सराव द्यायला बॉलर लागायचा. एकदा बाळूच्या हातात बॉल आला आणि तो डावखुरा पोरगा काय चीज आहे ते क्लबाला कळलं.

क्लबात तेव्हाचा मोठा बॅट्समन होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. त्याच्या ‘जेजी’चं लोकांनी ‘जंगली’ करून टाकलं होतं. हा गडी रोज इतरांच्या तासभर आधी यायचा आणि बाळूला बॉल टाकायला लावायचा. बाळूनं एकदा आऊट काढलं की ग्रेग त्याला आठ आणे द्यायचा, असं सांगितलं जातं. ज्याचा महिन्याचा पगार ४ रुपये, त्याच्यासाठी आठ आणे म्हणजे जवळपास चार दिवसांची कमाई.

असे शेकडो तास बाळूनं बॉलिंग केली. बॉल दोन्ही बाजूंना वळायचा, टप्पा हलायचा नाही, वेग सतत बदलायचा. पण त्या नेटमध्ये त्याला बॅटिंग मात्र कधी मिळाली नाही. बॅट धरणं हे साहेबांचं काम, बॉल टाकणं हे नोकराचं.

ग्रेगला बाळूचा हा पोरगा डोकेदुखी ठरतोय ही बातमी पुण्यातल्या हिंदू क्लबापर्यंत गेली. त्यांना इंग्रजांना हरवायचं होतं. बाळूला घ्यावं का यावर दोन तट पडले. काही तेलुगू सभासद म्हणत होते घ्या, बऱ्याच ब्राह्मण सभासदांना ते पटत नव्हतं. शेवटी खुद्द ग्रेगनंच सांगितलं की असला बॉलर बाहेर बसवणं हा निव्वळ मूर्खपणा ठरेल.

बाळू टीममध्ये आला. पण अट राहिलीच. मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाची वेळ झाली की टीम पॅव्हेलियनमध्ये जायची आणि बाळू बाहेर उभा. त्याचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवण वेगळं. तोंड धुवायला पाणीही दलित नोकरानंच आणून द्यायचं.

मॅचेस मात्र बाळू जिंकून देत राहिला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यानं तर त्याची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर पीचवर रोलर फिरवून ठेवला होता. बाळूनं तिथंही ७ विकेट काढल्या.

पुढं तो मुंबईला आला. हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा काही सभासदांचा विरोध. कप्तान कीर्तिकर यांनी बाजू लावून धरली आणि बाळूला घेतलं. नोकरीही मिळाली, बीबी अँड सीआय रेल्वेत, म्हणजे आजच्या वेस्टर्न रेल्वेत.

१९०६ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन अशी मॅच झाली. हिंदूंचे २४२ आणि १६०. इंग्रजांचे १९१ आणि दुसऱ्या डावात फक्त १०२. राज्यकर्त्यांना १०९ रनांनी हरवलं होतं, आणि टीममध्ये बाळूसोबत शिवरामही होता. एव्हाना जिमखान्यात पालवणकर बंधू इतरांच्या पंगतीत जेवू लागले होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानं तर इंग्रजांवरच्या विजयापेक्षा या गोष्टीला जास्त महत्त्व दिलं.

१९११ मध्ये भारताची टीम इंग्लंडला गेली. कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराज थोड्याच मॅचेस खेळले, टीम बहुतेक मॅचेस हरली. पण ३५ वर्षांच्या बाळूनं त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या. एका विकेटमागं १९ रनसुद्धा दिले नाहीत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एकाच डावात ८ विकेट. परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्याचा जाहीर सत्कार केला. तेव्हा विशीत असलेल्या भीमराव आंबेडकरांनाही या माणसाचं मोठं कौतुक होतं.

एवढं झाल्यावर प्रश्न उरला कप्तानीचा.

टीममध्ये सगळ्यात अनुभवी बाळू, सगळ्यात जास्त विकेट बाळूच्या. तरी दरवर्षी कप्तान दुसराच. १९१३ मध्ये कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरा बाळूचा होता असं जाहीरपणे मान्य केलं. पण सिलेक्टर बधले नाहीत.

१९२० मध्ये हद्द झाली. पै आजारी पडले. कप्तानी कुणाकडं गेली, तर पुण्याच्या दि. ब. देवधरांकडं. ज्यांच्या नावानं पुढं देवधर ट्रॉफी सुरू झाली तेच हे देवधर. ते बॅट्समन म्हणून मोठेच होते, पण टीममध्ये पालवणकर बंधूंपेक्षा ज्युनिअर. शिवाय चव्वेचाळिशीतल्या बाळूला टीममधूनच वगळलं. बाळूचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला आणि हा जातीचा अपमान आहे असं जाहीर पत्रक काढलं. शहरभर बोभाटा झाला. पुढच्या मॅचला पै परतले, बाळूला व्हाइस कॅप्टन केलं गेलं आणि पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले. तेवढा वेळ हिंदूंच्या टीमचं नेतृत्व बाळूनं केलं. आयुष्यात त्याला मिळालेली कप्तानी ती एवढीच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि त्याच वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. बाळूसाठी बंद राहिलेलं दार भावासाठी उघडलं होतं.

पुढं बाळू राजकारणात आला. १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांसोबत बाळूचीही सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर मात्र तो आंबेडकरांच्या विरोधात, गांधीजींच्या बाजूनं होता. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसनं त्याला थेट आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. ज्यांनी एकेकाळी बाळूला डोक्यावर घेतलं त्यातले कितीतरी जण त्या दिवशी दुसऱ्या बाजूला होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूचं निधन झालं. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, तोवर बाळू छप्पन्न वर्षांचा झाला होता. त्यामुळं टेस्ट क्रिकेटरच्या यादीत त्याचं नाव नाही. ३३ फर्स्ट क्लास मॅचेसमध्ये १७९ विकेट, सरासरी १५.२१, एवढं रेकॉर्ड मागं राहिलं.

बाळूची किंमत पहिल्याच नेटमध्ये ग्रेगला कळली होती. ती त्याच्या स्वतःच्या टीमलाही कळत होती. पण त्यानं एक परीक्षा पास केली की पुढं दुसरी ठेवली जायची. बॉलिंग झाली की चहा, चहा झाला की पंगत, पंगत झाली की कप्तानी. या सगळ्यात त्याची जवळपास तीस वर्षं गेली, आणि विकेट तो पहिल्या दिवसापासून घेत होता.