होलगेटचा व्याकरणकार

पहिल्या वर्षाच्या चाचणी परीक्षेत मी ‘ईच ऑफ द बॉइज हॅव ब्रॉट देअर बुक्स’ असे एक वाक्य लिहिले होते. उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा ‘हॅव’खाली एक आणि ‘देअर’खाली एक अशा दोन तांबड्या रेघा होत्या. मुलगे पुष्कळ, मग क्रियापद अनेकवचनी का नको, हा माझा प्रश्न सरांनी हसून ऐकला आणि येथे कर्ता ‘ईच’ आहे, ‘बॉइज’ नव्हे, एवढे सांगून ते पुढच्या बाकाकडे वळले. हा नियम केला तरी कोणी, असा राग त्या वेळी मनात आला होता. असे नियम कोणी एकटा करीत नसतो, हे आता कळते. पण ज्यांच्या पुस्तकाने हे नियम शाळाशाळांतून पोहोचवले ते गृहस्थ पुढे ग्रंथालयात भेटले. लिंडले मरे त्यांचे नाव. ते पेशाने वकील होते, नंतर व्यापारी झाले, आणि व्याकरणकार झाले ते पन्नाशीला टेकल्यावर.

मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात झाला. तेव्हा अमेरिका इंग्रजांची वसाहत होती. वडील रॉबर्ट मरे पुढे न्यूयॉर्कला आले आणि तेथील मोठ्या व्यापाऱ्यांत गणले जाऊ लागले. शहरातील ‘मरे हिल’ हा भाग आजही त्या घराण्याचे नाव चालवतो. आई मेरी यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. १७७६ साली ब्रिटिश सेनापती हाऊ यांना त्यांनी घरी बोलावून खाण्यापिण्यात असे गुंतवून ठेवले, की तेवढ्या वेळात अमेरिकन सैन्य निसटले. इतिहासकार ही गोष्ट पूर्णपणे खरी मानीत नाहीत. पण गोष्ट गोड आहे म्हणून टिकली.

वडिलांना मुलगा पेढीवर बसायला हवा होता आणि मुलाला पुस्तके हवी होती. (हे भांडण आपल्याकडच्या घरांतूनही काही संपलेले नाही.) एकदा न विचारता बाहेर गेल्याबद्दल वडिलांनी शिक्षा केली, तेव्हा हा मुलगा घर सोडून गेला आणि न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे एका शाळेत राहून शिकू लागला. वडिलांनी त्याला शोधून परत आणले. अखेर घरच्या वकिलांनी, बेंजामिन किसम यांनी, मध्यस्थी केली आणि लिंडले त्यांच्याच हाताखाली कायदा शिकू लागले. त्यांचे तेथील सहाध्यायी जॉन जे पुढे अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले. १७६७ साली हॅना डॉब्सन यांच्याशी मरे यांचा विवाह झाला. क्रांतियुद्धाच्या धामधुमीत ते चार वर्षे लाँग आयलंडवर इस्लिप येथे जाऊन राहिले, मग न्यूयॉर्कला परतून व्यापारात पडले. त्यात त्यांनी इतके मिळवले की चाळिशीच्या आतच त्यांना निवृत्त होता आले.

आणि नेमके त्याच वेळी शरीर साथ देईना. पायांचे स्नायू दुबळे होत चालले. थंड हवेचा उपयोग होईल या आशेने १७८४ साली पतिपत्नी इंग्लंडला गेली आणि यॉर्क शहराजवळ होलगेट या गावी त्यांनी घर घेतले. युद्धकाळात इंग्रजांच्या बाजूचे म्हणून अमेरिकेत राहणे अवघड झाले होते, हेही देश सोडण्याचे कारण असावे, असे काही अभ्यासक म्हणतात. कारण कोणतेही असो, मरे पुन्हा मायदेशी गेले नाहीत. चालणे कमी कमी होत गेले. बागेत फिरणे थांबले आणि शेवटची सुमारे सोळा वर्षे तर ते घराबाहेरही पडले नाहीत.

मरे क्वेकर पंथाचे होते. या पंथीयांनी यॉर्कमध्ये मुलींची एक शाळा १७८५ साली काढली होती. तेथील तरुण शिक्षिका इंग्रजी व्याकरण शिकायला मरे यांच्याकडे येत. मुलींना समजेल असे एकही पुस्तक नाही, तेव्हा आपणच ते लिहावे, असा विनंतीअर्ज त्यांनी केला. मरे यांनी आधी आढेवेढे घेतले, मग लिहायला बसले. १७९५ साली यॉर्कमध्येच त्यांचे ‘इंग्लिश ग्रामर’ छापून निघाले. पाठोपाठ १७९७ साली स्वाध्यायांचे पुस्तक व त्याची उत्तरे आली आणि १७९९ साली वाचनमाला. मूळ हेतू एका लहानशा शाळेपुरता होता. पण ही पुस्तके इंग्लंड-अमेरिकेत लाखांनी खपली. मिळालेला पैसा मरे यांनी धर्मादाय कामांना दिला.

हे सारे ज्ञान आपले आहे असा दावा मरे यांनी कधी केला नाही. ते स्वतःला संकलक म्हणवीत. बिशप रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणातून त्यांनी भरपूर घेतले. पहिल्या आवृत्तीत मूळ लेखकांची नावे नव्हती. टीका झाली तेव्हा पुढच्या आवृत्त्यांत ती घातली. आपलेही साहित्य त्यांनी उचलले, अशी तक्रार कोशकार नोआ वेब्स्टर यांनी केली होती. मला वाटते, मरे यांचे खरे श्रेय मांडणीत आहे. नियम क्रमांकाने द्यायचा, खाली उदाहरण द्यायचे, आणि मग मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन मुलांना ती दुरुस्त करायला लावायची. आपल्या परीक्षेतला ‘वाक्य शुद्ध करा’ हा प्रश्न त्याच जातीचा.

पहिलाच नियम वचन आणि पुरुष यांचा: कर्ता जसा, तसे क्रियापद. दुसरा नियम सांगतो की ‘अँड’ने जोडलेले दोन एकवचनी कर्ते आले तर क्रियापद अनेकवचनी. तिसरा सांगतो की ‘ऑर’ आले तर ते एकवचनीच. वाचायला सोपे, पण आम्हा मराठी मुलांची पंचाईत येथेच होते. आपण ‘मुलाने पुस्तके आणली’ म्हणतो आणि ‘मुलांनी पुस्तक आणले’ही म्हणतो. येथे क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही, ते कर्माच्या मागे जाते. मालकीच्या शब्दांचेही तसेच. ‘त्याची बहीण’ म्हणताना ‘ची’ येतो तो बहिणीमुळे, आणि म्हणून आमच्यातील कितीतरी जण ‘हिज सिस्टर’ऐवजी ‘हर सिस्टर’ लिहून जातात. इंग्रजीत मालक पाहायचा, मराठीत वस्तू. शिवाय आपल्याजवळ ‘आपले’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणले’ यात एक की अनेक, तो की ती, हा प्रश्नच उठत नाही. इंग्रजांना तो उठतो. ‘एनीवन’सारख्या एकवचनी शब्दामागून ‘देअर’ आलेले एक वाक्य मरे यांनी स्वाध्यायात चूक म्हणून दिले आणि ‘हिज’ घालून दुरुस्त केले. माझ्या दुसऱ्या तांबड्या रेघेचा उगम हा असा जुना आहे.

पण मरे यांच्या आयुष्यातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. क्वेकरांच्या दृष्टीने एकवचन-अनेकवचन ही केवळ व्याकरणाची बाब नव्हती, ती धर्माची बाब होती. सतराव्या शतकात इंग्रजीत बरोबरीच्याला किंवा धाकट्याला ‘दाऊ’ म्हणत आणि मोठ्यांना ‘यू’ म्हणत. म्हणजे आपले तू आणि तुम्हीच. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांचे म्हणणे असे की, समोर माणूस एक असताना त्याला अनेकवचन लावणे ही खुशामत आहे आणि असत्यही आहे. ते आणि त्यांचे अनुयायी न्यायाधीशांपुढेही टोपी काढीत नसत आणि त्यांना ‘दाऊ’ म्हणत. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगही सोसला. १६६० साली तर फॉक्स यांनी दोघा सहकाऱ्यांसह अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनाची उदाहरणे देणारे एक पुस्तकच काढले. आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना भर कचेरीत कोणी ‘तू’ म्हटले तर काय होईल, याची कल्पना करावी.

मरे यांच्या काळापर्यंत इतर इंग्रज सरसकट ‘यू’ म्हणू लागले होते. माणूस एक असेल तर बरेच लोक ‘यू वॉज’ म्हणत, आणि वेब्स्टर यांना ते रास्तही वाटे. लाउथ यांनी मात्र त्याला मोठा दोष ठरवले. ‘यू’ अनेकवचनी, म्हणून क्रियापद ‘वेअर’च. मरे यांच्या व्याकरणानेही हीच बाजू घेतली. एका माणसासाठी अनेकवचन नको म्हणून ज्यांचे पूर्वज तुरुंगात गेले, त्यांच्याच वंशातल्या माणसाच्या पुस्तकाने एका माणसासाठी अनेकवचनी क्रियापद पक्के करावे! असे लिहिताना मरे यांच्या मनात काय आले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मला यात ढोंग दिसत नाही. घरात आणि सभेत पंथाची भाषा, पुस्तकात जगाची. आपणही ‘सर आले’ म्हणतो, ‘सर आला’ म्हणत नाही. सर एकच असतात, आणि आपण खोटेही बोलत नसतो.

१८२६ साली होलगेट येथेच मरे वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. हॅना त्यांच्यामागे आठ वर्षे जगल्या. त्यांचे नाव मात्र बरीच वर्षे व्याकरणाचा प्रतिशब्द म्हणून चालले. ‘अंकल टॉम्स केबिन’मधील गुलामांच्या व्यापाऱ्याचे बोलणे किती अशुद्ध, हे सांगायला स्टो बाईंना १८५२ साली मरे यांच्याच व्याकरणाचे नाव पुरले. डिकन्सच्या एका कादंबरीत तर मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन पाहायला शाळेच्या मुली येणार म्हणून विदूषकाच्या पुतळ्याचाच लिंडले मरे केला जातो. शाळकरी मुलांना त्यात केवढा आनंद झाला असेल!

‘एनीवन’मागचे ‘देअर’ लोकांनी मरे यांच्या आधीही वापरले होते आणि नंतरही सोडले नाही. २०१९ साली अमेरिकेतील मेरियम-वेब्स्टर कोशाने वर्षाचा शब्द म्हणून ‘दे’ निवडला, तोही एका व्यक्तीसाठी वापरला जाणारा ‘दे’. हे कळल्यावर मी माझी जुनी उत्तरपत्रिका घेऊन सरांकडे गेले. सरांनी ‘देअर’खालच्या रेघेवर बारीकशी फुली मारली आणि अर्धा गुण परत दिला. ‘हॅव’खालची रेघ तशीच राहिली.