स्ट्रासबुर्गर यांनी बदललेले मत

कांद्याच्या मुळाचे टोक रंगवायचे, काचपट्टीवर चेपायचे आणि सूक्ष्मदर्शकातून पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखायच्या, हे प्रात्यक्षिक चिखलीतल्या विज्ञान शाखेच्या मुलांना नवे नाही. वहीत ती पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था लिहितात. या नावांची मूळ रूपे १८८४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी रूढ केली.

१८४४ मध्ये वॉर्सा येथे जन्मलेले स्ट्रासबुर्गर पंचविशीत जर्मनीतील येना विद्यापीठात शिकवू लागले. १८७५ मध्ये त्यांचा पेशीविभाजनावरील ग्रंथ आला. नवे केंद्रक पेशीद्रवात स्वतंत्रपणेही तयार होऊ शकते, असे तेव्हा ते मानत. अडचण खरी होती. अल्कोहोलमध्ये मारलेली पेशी म्हणजे थांबलेले चित्र; त्यातले आधीचे कोणते, नंतरचे कोणते, हे पाहणाऱ्यानेच जुळवायचे. गुणसूत्रांना तर अजून नावही मिळालेले नव्हते.

इथे ट्रॅडेस्कॅन्शियाच्या फुलातील पुंकेसरांवरचे केस कामी आले. असा केस म्हणजे पेशींची एकेरी माळ, इतकी पारदर्शक की जिवंत केंद्रक विभागताना दिसते. १८८० च्या तिसऱ्या आवृत्तीत स्ट्रासबुर्गर यांनी जुने मत सोडले आणि नवे केंद्रक आधीच्या केंद्रकाच्या विभाजनातूनच येते, असे मांडले. आपल्याच गाजलेल्या ग्रंथात अशी दुरुस्ती करणारे थोडेच.

पुढे ते बॉन विद्यापीठात गेले आणि १९१२ मध्ये तिथेच वारले. वहीतल्या चौथ्या, अंत्यावस्थेचे नाव मात्र त्यांचे नाही. ते १८९४ मध्ये मार्टिन हायडेनहाइन यांनी दिले.