कडुनिंबाचा रसायनज्ञ

पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने चघळायची आणि पावसाळ्यात माश्या-डास वाढले की त्याच पाल्याचा धूर करायचा, हे आंबिवली-टिटवाळ्याकडच्या घरांना नवे नाही. या झाडातली कडू द्रव्ये वेगळी करून दाखवणाऱ्या सलीमुझ्झमान सिद्दिकी यांचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

त्यांचा जन्म १८९७ चा, लखनौजवळच्या बाराबंकी जिल्ह्यातला. अलिगढला ते तत्त्वज्ञान आणि फारसी शिकले. चित्रेही उत्तम काढत. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट १९२७ मध्ये फ्रांकफुर्टला मिळवून ते दिल्लीला हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात आले. सर्पगंधेच्या मुळ्यांतून १९३१ मध्ये काढलेल्या द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांचेच नाव दिले, अजमलिन. हृदयाचे ठोके अनियमित झाल्यास ते पुढे औषध म्हणून वापरले गेले.

१९४२ मध्ये त्यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन वेगळे केले. गंमत अशी, की किडीवर सर्वांत प्रभावी ठरलेले द्रव्य या तिघांत नव्हतेच. ते अ‍ॅझाडिरॅक्टिन, १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये सापडले. डीडीटीसारखे ते कीटकाला जागीच लोळवत नाही. अळीची भूक मरते, कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाचे गणित बिघडते आणि पुष्कळ अळ्या माशी होण्याआधीच संपतात. दक्षिण अमेरिकेतल्या एका रक्तपिपासू ढेकणावरच्या प्रयोगांत तर कीटकाची जंतूंशी लढण्याची ताकदही घटलेली दिसली. ढेकणाचा निष्कर्ष माशीला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण विषाने न मारता कीटकाला आतून दुबळे करण्याची ही वाट लक्षात घेण्याजोगी आहे.

मात्र हा परिणाम मुख्यतः वाढत्या अळीवरचा. उडत्या माशीपुढे पाला जाळून तो साधत नाही, उलट धुराने घरातल्या दमेकऱ्याला धाप लागते. निंबोळीचे तेल बाळाला पाजणे तर जिवावर बेतू शकते; झटके आणि यकृताचे नुकसान झाल्याच्या नोंदी आहेत.

सिद्दिकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. कराचीतही कडुनिंब त्यांनी सोडला नाही. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचे संशोधन चालूच होते. एप्रिल १९९४ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.