मामाचे आडनाव लावणारे घराणे

इंग्लंडच्या राजाला वधस्तंभावर पाठविणारा ऑलिव्हर क्रॉमवेल मुळात विल्यम्स घराण्यातला. त्याचा पणजोबा रिचर्ड विल्यम्स वेल्श वंशाचा. आठव्या हेन्रीचा प्रबळ मंत्री टॉमस क्रॉमवेल हा रिचर्डचा सख्खा मामा. मामाच्या आश्रयाने उत्कर्ष साधताना रिचर्डने त्याचे आडनावही घेतले आणि १५४० मध्ये मामाचा शिरच्छेद झाल्यावरही ते टाकले नाही. हे धाडसच म्हणायचे! नॉटिंगहॅमशायरमधील एका गावावरून आलेल्या या नावाचा अर्थ वाकडा ओढा.

१५९९ मध्ये हंटिंग्डन येथे ऑलिव्हर जन्मला, तेव्हाही घराण्याच्या दस्तऐवजांत 'विल्यम्स ऊर्फ क्रॉमवेल' अशी नोंद होत असे. यादवी युद्धातील विजय, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा वध आणि १६५३ मध्ये लॉर्ड प्रोटेक्टरपद यांमुळे ते नाव युरोपभर गाजले. १६५८ मध्ये ऑलिव्हर निवर्तला. १६६० मध्ये राजेशाही परतली व पुढच्याच वर्षी त्याचे प्रेत उकरून टायबर्न येथे फाशी देण्यात आले. आता क्रॉमवेल म्हणवणे धोक्याचे होते. पुत्र रिचर्ड परदेशी गेला आणि परतल्यावर जॉन क्लार्क या नावाने राहिला. राजनिष्ठ शाखेतील हेन्रीने तर पुन्हा विल्यम्स हेच आडनाव लावले. ऑलिव्हरच्या पुरुषवंशातील शेवटचा क्रॉमवेल १८२१ मध्ये मरण पावला. त्याचेही नाव ऑलिव्हरच होते.