गोष्टीतला मांत्रिक आणि आपल्या शहरातला मलिक अंबर



एका प्रसंगापासून सुरुवात करते. चौथीच्या वर्गाला वाचनाच्या तासाला मी एक साहसकथा वाचून दाखवत होते. गोष्ट नेहमीच्याच धाटणीची. आफ्रिकेतलं घनदाट जंगल, वाट चुकलेले गोरे प्रवासी, गळ्यात हाडांची माळ घातलेला मांत्रिक, ढोलांचा आवाज आणि जादूटोणा. मुलं अगदी रंगून गेली. मधल्या सुट्टीत मात्र वर्गातली एक सावळी मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत बसलेली दिसली. मुलांनी तिला 'आफ्रिकेची चेटकीण' असं नाव ठेवलं होतं. नाव मुलांनी ठेवलं, पण गोष्ट तर मीच वाचली होती ना!

त्या रात्री विचार केला, की आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मांत्रिकच का येतो? कारण आपण वाचलंच तसं. रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाची 'किंग सॉलोमन्स माइन्स' ही कादंबरी १८८५ साली आली. तिच्यात गागूल नावाची भयंकर म्हातारी मांत्रिक आहे. गंमत म्हणजे त्याच कादंबरीत गोरे नायक पंचांगात बघून ग्रहणाची वेळ सांगतात आणि लोकांना घाबरवतात. म्हणजे गोऱ्याने केलं तर ती हुशारी, काळ्याने केलं तर तो जादूटोणा! पुढे टारझन, वेताळाची कॉमिक्स यांतूनही असेच ओझा-मांत्रिक आपल्या घरात आले.

खरं काय आहे? झुलू समाजात झाडपाल्याचं औषध देणाऱ्याला 'इन्यांगा' म्हणतात आणि दैवी कौल सांगणाऱ्याला 'सांगोमा'. आपल्याकडे वैदू वेगळा आणि देवऋषी वेगळा, तसंच हे. तुमच्या अंगणातली सदाफुली मूळची आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरची. अनेक देशांच्या लोकवैद्यकात ती वापरात होती. पुढे तिच्यातूनच व्हिंक्रिस्टिन हे औषध निघालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. आणि भोंदूंचं म्हणाल, तर जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आपल्या महाराष्ट्रालाही करावा लागलाच की!

पण हे सगळं मुलांना नुसतं समजावून पटत नाही. गोष्टीला उत्तर गोष्टीनेच द्यावं लागतं. आणि ती गोष्ट तर आपल्याच शहरात आहे.

चापू ते मलिक अंबर

सुमारे १५४८ साली आफ्रिकेतल्या आजच्या इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार, हातामागून हात. शेवटी तो बगदादच्या मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. या मालकाने त्याची बुद्धी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला, हिशेब करायला शिकवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'अंबर'.

पुढे तो समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीतले मंत्री चंगेजखान यांनी त्याला विकत घेतलं. विशेष म्हणजे चंगेजखान स्वतःही एकेकाळचे हबशी गुलाम होते. त्यांच्या हाताखाली अंबर राज्यकारभार आणि युद्धकला शिकला. त्यांच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला. काही काळ त्याने विजापूरकरांची चाकरी केली. तिथे त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. मग तो पुन्हा निजामशाहीत परतला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण मलिक अंबराने निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तझाला परांड्याला गादीवर बसवलं आणि राज्य पुन्हा उभं केलं. त्यानंतर जवळजवळ पाव शतक त्याने मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. समोरासमोर मोठी लढाई टाळायची, हलक्या घोडदळाने रसद तोडायची, डोंगरवाटांचा फायदा घ्यायचा, ही त्याची पद्धत. मराठा सरदार आणि त्यांचे घोडेस्वार त्याच्या फौजेचा मोठा आधार होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे हेही निजामशाहीचेच सरदार.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून चालून आल्या. मलिक अंबराने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल करून टाकला आणि मग हल्ला केला. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजीराजे इथेच पडले. एखाद्या साहसकथेत हाच प्रसंग असता, तर मांत्रिकाने मंत्र म्हटला आणि पाणी धावून आलं असं लेखकाने लिहिलं असतं. इथे मंत्र नव्हता. जमिनीचा उतार, पाण्याचा जोर आणि योग्य वेळ यांचं ज्ञान होतं.

खडकीचं शहर झालं

खाम नदीकाठच्या खडकी गावाचं मलिक अंबराने १६१० च्या सुमारास शहर केलं. तेच आपलं आजचं छत्रपती संभाजीनगर. राजधानी वसवायची म्हणजे आधी पाणी हवं. त्याने उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली. ना मोट, ना पंप. केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात खेळवलं. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ साली भडकल दरवाजा उभा राहिला. पुढे मोगल फौजेने खडकीची नासधूस केली, तरी त्याने शहर पुन्हा सावरलं. शेतसाऱ्याचीही त्याने नवी व्यवस्था लावली. इजारदारी, म्हणजे वसुलीचा ठेका, बंद केला आणि जमिनीचा कस बघून सारा ठरवला.

बादशहा जहांगीर मात्र त्याच्यावर फार चिडून होता. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोवलेल्या मलिक अंबराच्या मुंडक्यावर बाण मारतोय. त्या मुंडक्यावर घुबड बसवलंय. प्रत्यक्षात असं कधीच घडलं नाही. मैदानात जो हाती लागला नाही, त्याला कागदावर मारलं, आणि काळ्या माणसाशेजारी घुबड बसवून त्याला अशुभही ठरवलं. कादंबऱ्यांतला मांत्रिक आणि हे घुबड मला एकाच जातीचे वाटतात. ज्याला आपण समजून घेत नाही, त्याला आपण भुताखेतांत ढकलतो.

मलिक अंबर १६२६ साली, साधारण ७८ व्या वर्षी, वारला. अंथरुणाशी खिळलेला बंदिवान म्हणून नव्हे, तर राज्याचा कारभारी म्हणून. खुलताबादला त्याची कबर आहे.

वर्गात काय केलं?

ती साहसकथा मी कपाटात लपवली नाही. पुढच्या आठवड्यात मलिक अंबराची गोष्ट सांगितली आणि मुलांनाच विचारलं, "दोन्ही गोष्टींतली माणसं आफ्रिकेतलीच. मग खरं कोण आणि बनवलेलं कोण?" मुलं आधी गप्प झाली, मग भांडभांड भांडली. जहांगिराचं चित्र दाखवलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, ही तर चीटिंग आहे!"

ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. तास संपता संपता तिने विचारलं, "बाई, तो एवढा मोठा झाला, हे त्याच्या आईला कळलं असेल का हो?" वर्ग शांत झाला. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पण ज्या मुलाने तिला चेटकीण म्हटलं होतं, तो त्या दिवशी तिच्या शेजारी डबा खायला बसला.

पालकहो, भडकल दरवाज्याखालून जाताना गाडी जरा हळू घ्या आणि मागे बसलेल्या लेकराला हे कुणी बांधलं ते सांगा. आणि शिक्षक मित्रांनो, आफ्रिकेची पुढची गोष्ट वाचायला घ्याल, तेव्हा आधी वर्गाकडे एक नजर टाका. ती गोष्ट कुणाला लागणार आहे, हे आपल्याला दिसलं पाहिजे.