उलट्या हातांनी गोल्फ जिंकणारा पापवा, ज्याला ट्रॉफी पावसात उभं करून दिली

उजव्या हाताचा बॅट्समन बॅट धरताना डावा हात वर ठेवतो, उजवा खाली. गोल्फची स्टिकही तशीच धरतात. पण डर्बनच्या सेवसंकर उर्फ पापवा सेवगोलमचं सगळंच उलटं होतं. त्याचा डावा हात खाली असायचा.

आज जॉर्डन स्पीथसारखे खेळाडू पटिंग करताना, म्हणजे ग्रीनवर बॉल हळूच होलमध्ये ढकलताना, मुद्दाम अशीच पकड धरतात. यात डावं मनगट वाकत नाही आणि बॉल सरळ जातो. पापवा तर लांबचे फटकेही असेच मारायचा.

त्याचे पूर्वज भारतातून करारावर नेलेले मजूर. तो स्वतः गोऱ्यांच्या बॅगा उचलणारा कॅडी. १९५९ मध्ये ग्रॅहम वुल्फ या उद्योजकाने त्याला युरोपात नेलं आणि गडी थेट डच ओपन जिंकला. १९६० आणि १९६४ मध्ये पुन्हा तीच.

१९६३ मध्ये त्याने डर्बनला नाताळ प्रांताची 'नाताळ ओपन' जिंकली. पण वर्णभेदामुळे क्लबहाऊसमध्ये त्याला प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू आत, पापवाला ट्रॉफी बाहेर पावसात. तो फोटो जगभर गाजला.

१९६५ मध्ये गॅरी प्लेअरला मागे टाकून त्याने हीच स्पर्धा परत जिंकली. मग सरकारने त्याला मोठ्या स्पर्धांची परवानगीच नाकारली, पासपोर्टही काढून घेतला. ज्याला मैदानात अडवता येईना, त्याला कागदावर अडवलं.

१९७८ मध्ये गरिबीतच पापवा गेला. आज डर्बनमधल्या एका गोल्फ कोर्सला त्याचं नाव आहे.